काष्ठकोरीवकामातील हत्यार आणि यंत्र : निवडीच्या निकषांचा विचार

१

लाकडावरील कोरीवकाम हाताच्या हत्यारांनी करावे की विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवर उभी राहून केली जाते. एका पक्षाला यंत्राचा स्पर्श झालेली वस्तू कलावस्तूच वाटत नाही. दुसऱ्या पक्षाला हाताचा आग्रह हा निव्वळ भूतकाळाचा मोह वाटतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, कोरीवकाम ही एकच अखंड क्रिया आहे आणि म्हणून तिच्यासाठी एकच साधन निवडावयाचे आहे. वस्तुतः कोरीवकाम ही अनेक क्रियांची मालिका असते आणि त्या प्रत्येक क्रियेत कारागिराच्या निर्णयाचा वाटा सारखा नसतो. निवडीचा विचार करावयाचा तर तो ह्या मालिकेतील एकेका टप्प्याच्या संदर्भातच करावा लागेल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभी दोन शब्दांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. मराठीतील ‘हत्यार’ ह्या शब्दात हाताचाच अंश आहे. प्राकृतातील ‘हत्थ’ त्यात स्पष्ट ऐकू येतो. ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ ह्या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ नियमन करणे, आवरून धरणे असा आहे. म्हणजे मूळ अर्थाने पाहता यंत्राचे लक्षण वेग किंवा शक्ती हे नसून नियमन हे आहे. हाताने चालणारे साधनही हालचालीला बांधून ठेवीत असेल तर ते ह्या अर्थी यंत्रच होय. उलट विजेवर चालणारे साधन केवळ शक्ती पुरवीत असेल आणि दिशा, खोली व वळण हाताकडेच राहत असेल, तर ते हत्याराच्या अधिक जवळचे होय. व्युत्पत्तीने व्यवहाराचा निवाडा होत नाही हे खरे. परंतु ‘वीज आहे की नाही’ ह्या प्रश्नापेक्षा ‘निर्णय कोण घेतो’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे, एवढे ह्या दोन शब्दांवरून सूचित होते.

२

कोरीवकामाचे टप्पे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रथम लाकडाची निवड आणि त्यावर आकृती उतरवणे. नंतर नको असलेले लाकूड काढून ढोबळ आकार मोकळा करणे. त्यानंतर उठाव घडवणे, म्हणजे पानाची वळणे, पाकळीची जाडी, देठाचा झोक निश्चित करणे. मग जेथे आवश्यक असेल तेथे आकृतीच्या खालून पोखरून ती पार्श्वभूमीपासून सुटी करणे. आणि शेवटी पृष्ठभाग पुरा करणे. ढोबळ आकार काढताना कारागीर लाकडाचे मोठे भाग दूर करतो. त्या वेळी एखादा घाव अंशभर इकडेतिकडे झाला तरी पुढे दुरुस्तीला जागा असते. पाकळीची कड घडवताना मात्र तशी जागा उरलेली नसते.

हाताच्या कोरीवकामातील मुख्य हत्यार म्हणजे पटाशी. तिची अनेक रूपे असतात: काहींची धार सपाट असते, काहींचे पाते पन्हळीसारखे वळलेले असते, तर काहींच्या पात्याचा छेद दोन भिंती मिळाल्यासारखा टोकदार असतो. इंग्लंडातील शेफील्ड येथील हत्यारांच्या परंपरेत पात्याच्या वळणाला क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. तीत १ हा क्रमांक सपाट पात्याचा, ३ हा अगदी उथळ वळणाचा, तर ११ हा खोल पन्हळीचा. म्हणजे कारागिरापुढे केवळ हत्यारांचा संच नसतो, तर वक्ररेषांची एक क्रमवार मांडणी असते. पानाच्या कडेचे वळण पाहून त्या वळणाचे पाते उचलावे आणि एका घावात ती कड उमटवावी, हे ह्या मांडणीमागील तत्त्व आहे.

परंतु पटाशीचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. लाकूड हा सर्व दिशांनी सारखा असलेला पदार्थ नव्हे. झाडाच्या वाढीच्या दिशेने त्याची रेषा जाते, गाठीपाशी ती वळते, फांदीच्या बुडाशी ती उलटते. रेषेच्या दिशेने पटाशी चालवली तर स्वच्छ ढलपी निघते आणि मागे चमकदार पृष्ठभाग राहतो. उलट दिशेने चालवली तर धार लाकडात शिरून तंतू उपटते आणि चिरफळी निघते. हा बदल डोळ्यांना दिसण्याआधी हाताला आणि कानाला कळतो. पटाशीला होणारा विरोध वाढतो, ढलपी निघतानाचा आवाज बदलतो आणि अनुभवी कारागीर त्याच क्षणी हात थांबवून दुसऱ्या बाजूने घाव घालतो. म्हणून पटाशी हे कापण्याचे साधन आहे तसेच ते लाकूड वाचण्याचेही साधन आहे.

विजेच्या साधनांचे प्रकारही एकजिनसी नाहीत. पट्टीच्या करवतीने आकृतीची बाह्यरेषा कापून घेता येते. राउटर हे साधन मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या पात्याने पार्श्वभूमी ठरावीक खोलीपर्यंत सपाट खाली नेते. चार इंची ग्राइंडरला दातेरी चकती लावून मोठ्या ओंडक्यातील लाकूड झपाट्याने उडवता येते. त्याची गती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेऱ्यांची असते. लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेली लहान फिरती टोके अरुंद जागी पोहोचतात. आणखी एक साधन असे आहे की, त्यात मोटर पटाशीच्याच आकाराचे पाते पुढेमागे हलवते. तेथे मनगटाचा जोर यंत्राचा, पण पात्याचा रोख हाताचा असतो. शेवटी संगणक-नियंत्रित यंत्र, ज्यात आकृती आधीच आकड्यांत साठवलेली असते आणि काम चालू असताना हाताचा संबंधच राहत नाही.

ह्यांतील फिरत्या साधनांचा एक समान गुण आहे. त्यांना रेषेची फारशी पर्वा करावी लागत नाही. अतिवेगाने फिरणारे टोक तंतूंना सलग कापण्यापेक्षा त्यांचे कण करते. ढलपीऐवजी भुसा पडतो. त्यामुळे गाठाळ, उलटसुलट रेषेच्या लाकडात काम करणे सोपे होते हा मोठाच लाभ आहे. पण जे साधन लाकडाचा विरोध जाणवू देत नाही, ते लाकडाविषयी काही शिकवतही नाही. शिवाय मोटरच्या आवाजात घावाचा आवाज बुडून जातो आणि कारागिराचे एक ज्ञानेंद्रिय निकामी होते.

संगणक-नियंत्रित यंत्राच्या मर्यादा भूमितीच्या आहेत. नेहमीच्या तीन अक्षांच्या यंत्रात कापणारे टोक वरून खाली येते. त्यामुळे वरून न दिसणारा भाग, म्हणजे पाकळीखालची पोकळी, त्याला कापता येत नाही. तसेच आतील कोपऱ्याची गोलाई टोकाच्या त्रिज्येपेक्षा लहान होऊ शकत नाही; पटाशीने होणारा तीक्ष्ण कोपरा तेथे गोलसरच राहतो. अधिक अक्षांची यंत्रे पहिली अडचण काही प्रमाणात दूर करतात, परंतु त्यांची किंमत लहान कारखान्याच्या आवाक्यात क्वचितच असते.

३

यंत्राने लाकूड कोरण्याचा प्रश्न विजेबरोबर जन्मला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. लंडनमधील संसदगृहाची जुनी वास्तू १८३४ साली आगीत जळाली. तिच्या जागी चार्ल्स बॅरी ह्या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नवी वास्तू उभी राहिली आणि तिच्या अंतर्भागातील गॉथिक अलंकरणाची रचना ऑगस्टस प्यूजिनने केली. दालनांमागून दालनांत लावावयाच्या लाकडी फळ्या, पट्ट्या आणि जाळ्या ह्यांचे कोरीवकाम इतके प्रचंड होते की, ते केवळ हाताने पुरे करणे दुरापास्त होते. टॉमस ब्राउन जॉर्डन ह्याने १८४५ साली कोरीवकामाच्या यंत्राचे एकस्व मिळवले आणि ते यंत्र ह्या कामासाठी वापरण्यात आले.

ह्या यंत्राचे तत्त्व साधे होते. एका सरकत्या मेजावर मूळ नमुना आणि त्याच्याशेजारी कोऱ्या फळ्या बसवल्या जात. नमुन्यावरून एक बोथट काटा फिरे, तर फळ्यांवर वेगाने फिरणारी कापणारी टोके त्याच काट्याबरोबर वरखाली होत. अशा रीतीने एका नमुन्यावरून एकाच वेळी अनेक प्रती निघत. महत्त्वाची गोष्ट अशी की, यंत्राने काम पुरे होत नसे. ढोबळ आकार यंत्र काढी. कडा, खाचा आणि पृष्ठभाग ह्यांचे अखेरचे काम कारागीर पटाशीने करी. म्हणजे टप्प्यांची जी विभागणी वर सांगितली, ती ह्या कामाच्या व्यवस्थेत प्रत्यक्षात उतरली होती. मूळ नमुनाही अर्थातच हातानेच घडवावा लागे.

जॉन रस्किनचा ‘द सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ हा ग्रंथ १८४९ साली, म्हणजे हे काम चालू असतानाच प्रसिद्ध झाला. त्यातील सत्याविषयीच्या प्रकरणात रस्किनने साच्यातून ओतलेले किंवा यंत्राने केलेले अलंकरण हे फसवणुकीचा एक प्रकार मानले आहे. त्याचा युक्तिवाद दुपदरी आहे. असे काम काम म्हणून निकृष्ट असते हा पहिला पदर. आणि ते अप्रामाणिक असते हा दुसरा. अलंकरण पाहणाऱ्याला त्यात माणसाने खर्ची घातलेले कष्ट आणि लक्ष ह्यांची जाणीव होत असते. यंत्राचे काम ती जाणीव खोटेपणाने मिळवते. पुढे ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या १८५३ मधील दुसऱ्या खंडात त्याने हा विचार वस्तूकडून कारागिराकडे वळवला. निर्दोष सफाईचा आग्रह धरला की कारागिराला विचार करण्याची मुभा राहत नाही आणि तो स्वतःच साधन होऊन बसतो, हे त्याचे म्हणणे.

रस्किनचे दोन पदर वेगळे ठेवणे आवश्यक आहे. यंत्राचे काम निकृष्ट असते हे विधान यंत्रागणिक आणि काळागणिक तपासावे लागेल. आजची यंत्रे जॉर्डनच्या यंत्राहून कितीतरी सूक्ष्म काम करतात. प्रामाणिकपणाचा मुद्दा मात्र यंत्र सुधारल्याने मिटत नाही, उलट अधिक तीव्र होतो. कारण यंत्राचे काम जितके हाताच्या कामासारखे दिसेल, तितकी फसवणुकीची शक्यता वाढेल.

रस्किनच्या परंपरेला आतून मिळालेले एक उत्तरही नोंदण्यासारखे आहे. १९०१ साली शिकागोतील हल हाउस येथे दिलेल्या व्याख्यानात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट ह्याने यंत्राचा पक्ष घेतला. परंतु तो यंत्राने केलेल्या नकली कोरीवकामाचा पक्ष नव्हता. यंत्र स्वच्छ कापते आणि सफाईने घासते. त्यामुळे साध्या, सरळ रूपांतून लाकडाचे अंगभूत सौंदर्य प्रकट करता येते आणि तेही सामान्य माणसाला परवडेल असे, हा त्याचा विचार. यंत्राने हाताची नक्कल करण्यापेक्षा यंत्राला शोभेल असे रूप शोधावे, हा त्याचा निष्कर्ष. साहित्याच्या अभ्यासकाला ह्यात भाषांतराचा जुना प्रश्न ओळखू येईल. एका माध्यमाचे अलंकार दुसऱ्यात तसेच्या तसे उतरवण्यापेक्षा दुसऱ्या माध्यमाची प्रकृती ओळखणे अधिक फलदायी असते.

४

ह्या वादाला अधिक नेमकी परिभाषा डेव्हिड पाय ह्याने दिली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर-रचनेचा प्राध्यापक असलेल्या पायचा ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ हा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. ‘हस्तकाम’ आणि ‘यंत्रकाम’ ह्या संज्ञा त्याला निरुपयोगी वाटतात. त्याऐवजी तो जोखमीचे काम आणि निश्चितीचे काम असा भेद करतो. ज्या कामात अंतिम फल क्षणोक्षणी कारागिराच्या निर्णयावर, कौशल्यावर आणि दक्षतेवर अवलंबून असते, जेथे काम पुरे होईपर्यंत ते बिघडण्याचा संभव असतो, ते जोखमीचे. ज्यात काम सुरू होण्याआधीच फल ठरून गेलेले असते, ते निश्चितीचे. प्रत्यक्षात बहुतेक कामांत ह्या दोहोंचे मिश्रण असते.

पाय स्वतः लाकडी वाडगी घडवी आणि त्यांच्या आतील भागात किरणांसारख्या पन्हळी कोरण्यासाठी त्याने हाताने चालणारे एक उपकरण बनवले होते. ते पटाशीची वाट बांधून ठेवी. त्यात वीज नव्हती. पण नियमन होते. ‘यंत्र’ ह्या शब्दाच्या धात्वर्थाकडे पायचा विचार नकळत जाऊन पोहोचतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या भेदाच्या प्रकाशात विजेच्या साधनांकडे पाहिले की त्यांची क्रमवारी बदलते. हातात धरलेले फिरते टोक विजेवर चालत असले तरी ते जोखमीचेच साधन आहे. क्षणभर लक्ष ढळले तर पाकळी उडून जाते. साच्याच्या कडेने फिरवलेला राउटर निश्चितीच्या बाजूला झुकतो. संगणक-नियंत्रित यंत्र त्या टोकाला उभे असते. तेथील जोखीम आकृती तयार करणाऱ्याने आधीच पत्करलेली असते.

भारतीय उदाहरण घ्यावयाचे तर सावंतवाडी आणि चन्नपट्टण येथील लाखकामाचे घेता येईल. हे कोरीवकाम नव्हे, कातकाम आहे; पण मुद्दा त्याने स्पष्ट होतो. लाकूड गरगरा फिरते, कातारी त्यावर पटाशी टेकवतो आणि आकार काढतो. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. दोरीने किंवा हाताने लाकूड फिरवण्याऐवजी मोटर आली तेव्हा कातारी दूर झाला नाही. कारण मोटरने फक्त फिरवण्याचे श्रम उचलले, पटाशीचा रोख उचलला नाही.

५

हाताच्या कामाचा पुरस्कार करणाऱ्यांनाही सावध करणारी एक घटना येथे सांगणे प्रस्तुत होईल. ग्रिन्लिंग गिबन्झ (१६४८–१७२१) हा इंग्लंडातील लाकडी कोरीवकामाचा सर्वश्रेष्ठ कारागीर मानला जातो. लिंडेन वृक्षाच्या फिकट, मऊ आणि एकसारख्या लाकडातून त्याने फुलांचे, फळांचे आणि पानांचे घोस घडवले; त्यांची देठे जवळजवळ अधांतरी वाटतात. एकाच फळीत सारे न कोरता वेगवेगळे थर कोरून ते एकमेकांवर बसवणे ही त्याच्या कामाची एक युक्ती होती. लंडनजवळील हॅम्टन कोर्ट राजवाड्यात १७०० च्या सुमारास त्याने केलेले असे काम होते. ३१ मार्च १९८६ रोजी त्या राजवाड्यात आग लागली आणि सुमारे सात फूट लांबीचा एक लोंबता घोस पूर्णपणे जळून गेला.

त्याच्या जागी नवा घोस कोरण्याचे काम डेव्हिड एस्टर्ली ह्या अमेरिकन कारागिराकडे आले. एस्टर्ली मूळचा साहित्याचा अभ्यासक; येट्स आणि प्लोटायनस ह्यांच्यावर त्याने केंब्रिजमध्ये प्रबंधलेखन केले होते. लंडनच्या एका चर्चमधील गिबन्झचे काम पाहून तो ह्या कलेकडे वळला. ह्या कामाचा वृत्तान्त त्याने ‘द लॉस्ट कार्व्हिंग’ ह्या २०१२ मधील ग्रंथात लिहिला आहे. त्यातील एक शोध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पृष्ठभाग पटाशीच्या धारेनेच पुरा करावा, घासून गुळगुळीत करणे हे कमीपणाचे, असा कोरीवकाम करणाऱ्यांत रूढ झालेला संकेत होता आणि एस्टर्लीलाही तो मान्य होता. परंतु गिबन्झच्या कामावर त्याला बारीक समांतर ओरखडे दिसले. ते कशाचे असावेत ह्याचा माग काढता काढता तो एक्विझेटम ह्या वनस्पतीपाशी पोहोचला. तिच्या कांड्यांत सिलिका असते आणि काचकागद प्रचारात येण्यापूर्वी लाकूड घासण्यासाठी ती वापरली जाई. म्हणजे ज्या गुरूच्या नावाने शुद्ध पटाशीकामाचा आग्रह धरला जात होता, तो गुरूच आपले काम घासून पुरे करीत होता.

ह्या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, परंपरेच्या नावाने सांगितलेले नियम पुष्कळदा मागाहून बनलेले असतात. परंपरेतील थोर कारागीर साधनांच्या बाबतीत व्यवहारी होते. दुसरी गोष्ट पहिलीला तोलून धरते. हा शोध केवळ पाहून लागला नाही. तोच आकार, त्याच लाकडात, तशाच हत्यारांनी पुन्हा घडवताना ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले, त्यांतून तो लागला. हाताने काम करण्यात जे ज्ञान मिळते ते वस्तूपेक्षा निराळे असते. वस्तू यंत्राने मिळवता येईल. ते ज्ञान यंत्राने मिळत नाही.

६

भारतात ह्या प्रश्नाला उपजीविकेची बाजू आहे आणि ती गौण मानता येत नाही. उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे शिसमाच्या लाकडावर वेलबुट्टी, द्राक्षवेल आणि जाळी कोरली जाते. काश्मीरमध्ये अक्रोडाच्या लाकडावर चिनाराचे पान, गुलाब आणि कमळ कोरतात. तेथील एका प्रकारात आकृती खालून पोखरून थरांवर थर मोकळे केले जातात. ह्या दोन्ही ठिकाणच्या कामांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आहे. दोहोंची यंत्राशी गाठ मात्र वेगवेगळ्या ठिकाणी पडते. जाळीची छिद्रे आणि उथळ वेल ही कामे यंत्राला सहज साधण्याजोगी आहेत. म्हणून अशा कामात यंत्राची स्पर्धा थेट कारागिराशी होते. खालून पोखरलेल्या अक्रोडकामात साधे यंत्र भूमितीमुळेच अडते. तेथे यंत्राचा धोका मूळ कामापेक्षा त्याच्या सपाट, स्वस्त नकलेपासून अधिक आहे.

यंत्राविषयीचा गांधीजींचा विचार येथे उपयोगी पडतो. रस्किनच्या ‘अन्टु धिस लास्ट’ ह्या पुस्तकाचा गांधीजींवर १९०४ साली झालेला परिणाम आणि १९०८ साली त्यांनी ‘सर्वोदय’ ह्या नावाने गुजरातीत केलेला त्याचा सारानुवाद प्रसिद्धच आहे. परंतु यंत्राच्या बाबतीत ते रस्किनहून अधिक लवचीक होते. १९२४ साली झालेल्या आणि ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला असल्याचे सांगितले आणि सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. त्याच संवादात चरख्याची वाकडी झालेली चाती सरळ करणारे यंत्र निघाले तर ते स्वागतार्ह ठरेल, असेही त्यांनी म्हटले. जे यंत्र कारागिराचे हत्यार नीट राखते आणि त्याच्याच हातात राहते, ते त्यांना चालत होते.

ही कसोटी कोरीवकामाला लावता येते. पटाशीची मोडकी धार पुन्हा आकारात आणण्यासाठी विजेचे सहाणयंत्र वापरणे हे चाती सरळ करण्यासारखेच आहे. मात्र तेथेही सावधपणा लागतो, कारण अतिवेगाने तापून पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. कारागिराच्या मालकीचे हातातील फिरते साधन त्याचे श्रम वाचवते. कारखानदाराच्या मालकीचे संगणक-नियंत्रित यंत्र मात्र कारागिराकडे फक्त शेवटचे घासकाम ठेवते आणि मजुरीही त्याच मापाने ठरते. साधन तेच असले तरी ते कोणाच्या हाती आहे ह्यावर त्याचा परिणाम ठरतो.

आरोग्याचा मुद्दा तितकाच गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या गटात केला. नाकाच्या पोकळीतील आणि तिला लागून असलेल्या अस्थिपोकळ्यांतील कर्करोगाशी तिचा संबंध आहे. ढलपी जमिनीवर पडते, बारीक भुसा हवेत तरंगतो. दीर्घकाळ कंपन सोसल्याने बोटांतील रक्ताभिसरण आणि संवेदना क्षीण होतात, आणि कोरीवकाम करणाऱ्याचे सारे भांडवल तर बोटांच्या संवेदनेतच असते. धूळ ओढून घेणारी व्यवस्था, तोंडावरील योग्य गाळणी आणि कामाच्या वेळेची मर्यादा ह्यांचा खर्च न धरता यंत्र स्वस्त ठरवणे म्हणजे हिशेबातील एक रकाना कोरा ठेवणे होय. हाताचे कामही निर्धोक नाही. वर्षानुवर्षे जमिनीवर वाकून बसण्याने पाठ, मान आणि डोळे झिजतात. जड लाकूड काढण्याचे श्रम यंत्राने उचलले तर त्याला भावनेपोटी विरोध करणे अन्यायाचे ठरेल.

७

आता मूळ प्रतिपादनातील एका अडचणीचा विचार करावयास हवा. ढोबळ काम यंत्राने आणि सूक्ष्म काम हाताने, ही विभागणी वस्तूच्या दृष्टीने समाधानकारक आहे. जॉर्डनच्या यंत्राच्या काळापासून ती चालत आली आहे. परंतु कारागीर तयार होण्याच्या दृष्टीने ती तितकीशी निर्दोष नाही. कोरीवकामाच्या कारखान्यात शिकाऊ मुलाच्या हाती सर्वसाधारणपणे प्रथम जे काम येते ते पार्श्वभूमी खाली नेण्याचे, ढोबळ लाकूड काढण्याचे. ह्याच कामात चूक परवडते. ह्याच कामात लाकडाची रेषा कोठे वळते, गाठ कशी ओळखावी, घाव कोठे थांबवावा हे हाताला कळू लागते. उस्तादाच्या दृष्टीने जो टप्पा निर्णयशून्य आणि कंटाळवाणा, तोच शिकाऊ मुलाच्या दृष्टीने निर्णयांनी भरलेला असतो. तो टप्पा यंत्राकडे गेला की शिडीच्या खालच्या पायऱ्या नाहीशा होतात आणि वरच्या पायरीवर उभे राहणारे हात कोठून यावयाचे, हा प्रश्न एका पिढीनंतर उभा राहतो.

म्हणून यंत्राची निवड करताना प्रत्येक टप्प्यासंबंधी पुढील प्रश्न विचारले पाहिजेत. ह्या टप्प्यात लाकडाची रेषा आणि आकृती ह्यांच्यात नवा निर्णय घ्यावा लागतो की आधी घेतलेल्या निर्णयाची केवळ अंमलबजावणी होते? साधन विरोध जाणवू देते की तो लपवते? ते साधन कारागिराच्या मालकीचे आहे काय? धूळ, कंपन आणि आवाज ह्यांच्यापासून संरक्षणाचा खर्च हिशेबात धरला आहे काय? तयार वस्तू विकताना तिचा कोणता भाग यंत्राने झाला हे ग्राहकाला सांगितले जाते काय? आणि हा टप्पा यंत्राकडे दिल्यावर नवशिक्याने तो कोठे शिकावयाचा?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे एकेका वस्तूपुरती देता येतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका वस्तूपुरते देता येत नाही. ते कारखान्याच्या आणि प्रशिक्षणसंस्थेच्या व्यवस्थेतच शोधावे लागेल. यंत्राने ढोबळ आकार काढणाऱ्या कारखान्याने प्रत्येक घाण्यातील काही फळ्या मुद्दाम कोऱ्या ठेवाव्यात आणि त्या आरंभापासून अखेरपर्यंत हाताने करण्यासाठी शिकाऊ कारागिरांना द्याव्यात. त्या वेळेची मजुरी हा तोटा न मानता यंत्रामुळे वाचलेल्या मजुरीतून भरावयाचा खर्च मानावा. प्रशिक्षणसंस्थांनीही विद्यार्थ्याच्या हाती राउटर देण्यापूर्वी त्याच्याकडून एकच पान तीन वेगवेगळ्या लाकडांत पटाशीने कोरून घ्यावे. अक्रोड, शिसम आणि साग ह्यांत तेच पान कोरताना त्याला तीन निरनिराळे अडथळे भेटतील. ते पार केलेला विद्यार्थी पुढे कोणतेही यंत्र वापरो, ते कोठे थांबवावयाचे हे त्याला ठाऊक असेल.